पाय वर उचलता येणारी व्हीलचेअर: निवड, मापं आणि जुळवणी

प्लास्टरमधला पाय, सुजलेला पाय आणि गुडघ्यात आखडलेला पाय, तिन्हींसाठी दुकानात एकच उत्तर तयार असतं: एलिव्हेटिंग लेग रेस्टवाली, म्हणजे पाय वर उचलून धरणारा आधार असलेली व्हीलचेअर घ्या. पहिल्या पायाला ती बहुतेक वेळा चालते. दुसऱ्याला नुसता लेग रेस्ट पुरत नाही. तिसऱ्याला नीट माप न घेता दिली तर त्रास वाढतो. म्हणून खुर्ची बघायला निघण्याआधी पाय नेमका कशासाठी उचलायचा आहे आणि तो किती उचलला जाऊ शकतो, या दोन गोष्टी नक्की करा. रंग, चाकं, कापड हे सगळं नंतर.

लेग रेस्टमध्ये असतं काय

साध्या फूट रेस्टमध्ये खाली येणारी एक नळी आणि तळव्याखालची पाटी, म्हणजे फूटप्लेट, एवढंच असतं. एलिव्हेटिंग लेग रेस्टमध्ये आणखी चार गोष्टी येतात: सीटच्या पुढच्या टोकाशी असलेला सांधा, पोटरीखालची गादी, पाय हव्या त्या कोनात अडकवून धरणारी दातेरी यंत्रणा आणि ती सोडवणारा खटका. बहुतेक खुर्च्यांमध्ये वर उचलताना खटका दाबावा लागत नाही, लेग रेस्ट टकटक करत एकेक दात चढतो. खाली आणताना मात्र खटका दाबावा लागतो, आणि तो दाबल्याबरोबर पायाचं वजन सोडवणाऱ्याच्या हातावर येतं. काही महागड्या खुर्च्यांत दात्यांऐवजी गॅस स्प्रिंग असते, त्यात कोन हवा तिथे थांबवता येतो आणि पाय धपकन खाली येत नाही.

आता मेख इथे आहे. लेग रेस्टचा सांधा सीटच्या नळीच्या पातळीवर असतो. माणसाचा गुडघा मात्र त्याच्या बराच वर आणि थोडा पुढे असतो, कारण खाली बसायची गादी आणि मांडीची जाडी असते. पाय लोंबता असताना लेग रेस्टची लांबी बरोबर जुळवली, तरी पाय आडवा केल्यावर तीच लांबी कमी पडते. गुडघा सांध्यापासून ८ सेंमी वर असेल, तर पाय आडवा झाल्यावर साधारण तेवढीच लांबी कमी पडते. मग फूटप्लेट तळव्याला मागे रेटते, गुडघा वर उचकटतो किंवा माणूस सीटमध्ये मागे ढकलला जातो. जितकी जाड गादी, तितका हा फरक जास्त. वर जाता जाता आपोआप लांब होणारे लेग रेस्ट मिळतात, त्यांना आर्टिक्युलेटिंग म्हणतात. पाय दिवसातून बऱ्याचदा वर-खाली करायचा असेल तर तेच घ्यावेत. एकाच कोनात ठेवून द्यायचा असेल, उदाहरणार्थ प्लास्टरसाठी, तर साधा प्रकार त्या कोनात जुळवून घट्ट केला की भागतं.

आधी कारण, मग खुर्ची

हाड मोडल्यामुळे मांडीपासून प्लास्टर आहे किंवा ब्रेसने गुडघा सरळ धरला आहे, तर निवड सोपी. गरज काही आठवड्यांची असते, कोन डॉक्टरांनी सांगितलेला असतो. बहुतेक वेळा एकाच बाजूचा लेग रेस्ट पुरतो. दुसरीकडे साधा फूट रेस्ट ठेवला तर खुर्ची हलकी राहते आणि चांगला पाय जमिनीला टेकवून स्वतः पुढे जाता येतं. विक्रेते जोडीच पुढे करतात, सुटा मिळतो का ते विचारा. भाड्याने मिळत असेल तर विकत घ्यायची घाई नको.

सूज असेल तर जरा थांबा. सरळ पाठीने बसलेल्या माणसाचं हृदय सीटपासून साधारण ४० सेंमी वर असतं. पाय अगदी आडवा केला तरी पाऊल फार तर सीटच्या पातळीला येतं, म्हणजे हृदयाच्या खालीच राहतं. सूज उतरायला पाय हृदयाच्या पातळीच्या वर जावा लागतो. ते खुर्चीत साधायचं तर पाठ मागे झोपवता येणं किंवा अख्खी सीट मागे कलवता येणं आवश्यक आहे. निव्वळ लेग रेस्टने लोंबत्या पायाचा जडपणा कमी होतो, सूज वाढण्याचा वेग कदाचित कमी होतो, पण जमलेलं पाणी उतरेल ही अपेक्षा धरू नका. अशा माणसाला दिवसातून दोन-तीनदा पलंगावर नेऊन पाय उशांवर ठेवणं हे महागड्या लेग रेस्टपेक्षा जास्त उपयोगी पडतं, आणि ते फुकट आहे.

गुडघा आखडलेला असेल तर तो कुठल्या बाजूने आखडला आहे ते बघा. सरळ राहतो पण वाकत नाही, अशा पायाला एलिव्हेटिंग लेग रेस्ट लागतोच, नाहीतर पाय हवेत तरंगतो. वाकलेला राहतो पण सरळ होत नाही, अशा पायाला तो लावून जबरदस्तीने वर चढवला तर गुडघा सरळ होत नाही, कंबर पुढे ओढली जाते. लेग रेस्ट हे व्यायामाचं साधन नाही.

गुडघ्याखाली पाय कापलेला असेल तर एलिव्हेटिंग लेग रेस्ट घेऊ नका, स्टंप सपोर्ट घ्या. ती सीटच्या पुढे येणारी गादी लावलेली फळी असते आणि उरलेला पाय गुडघ्यात सरळ ठेवते. पाय वाकलेला राहिला तर गुडघा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवणं अवघड होतं.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय उंच ठेवू नये असे तीन प्रसंग आहेत. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर पाय वर केल्यावर रक्त पोचायला आणखी अडचण होते, पाऊल पांढरं पडतं आणि दुखू लागतं. हृदय कमजोर असेल तर पायातलं पाणी एकदम परत येऊन दम लागू शकतो. आणि एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी गरम आणि दुखरी लागली, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. तिथे खुर्चीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा.

मांडीच्या मागचे स्नायू किती सोडतात

ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि खुर्ची घरी आल्यावर निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. मांडीच्या मागचे लांब स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. म्हणजे ते खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातात. खुर्चीत खुबा ९० अंशात वाकलेला असताना हे स्नायू आधीच ताणलेले असतात. त्यात गुडघा सरळ केला की ताण आणखी वाढतो. स्नायूंना आणखी लांब होता आलं नाही तर ते बैठकीचं हाड पुढे खेचतात, कमरेचा बाक जातो, माणूस माकडहाडावर बसतो आणि मग हळूहळू पुढे घसरतो. दिवसभर असं बसलं की माकडहाडावरची त्वचा दबते आणि ओरखडते. बेडसोर बऱ्याचदा याच जागी होतात.

तपासणी अशी. माणसाला कडक अंथरुणावर उताणं झोपवा. एका पायाची मांडी छताकडे सरळ उभी येईल इतका खुबा वाकवा, गुडघा सैल लोंबू द्या. तुमचा एक हात त्यांच्या कमरेखाली सरकवून ठेवा. दुसऱ्या हाताने टाच धरून गुडघा अगदी सावकाश सरळ करत जा. कमरेखालचा हात अंथरुणावर दाबला जाऊ लागला, किंवा त्यांना मांडीमागे ओढ लागली, की तिथेच थांबा. गुडघा जिथे थांबला तोच त्या पायाचा खुर्चीतला कमाल कोन, तेही पाठ सरळ ठेवली असताना. दुसऱ्या पायाचंही बघा, दोन्ही सारखे क्वचितच निघतात.

ताजं फ्रॅक्चर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल तर हे घरी करू नका, फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. पाय कडक होऊन झटके देत असेल तरीही त्यांनीच करावं.

पाय पूर्ण आडवा करायचा आहे पण तपासणीत गुडघा अर्ध्यावरच अडकला, तर वाट एकच: खुब्याचा कोन उघडायचा, म्हणजे पाठ मागे झुकणारी खुर्ची घ्यायची. पाठ १०० अंशांवरून ११५-१२० अंशांपर्यंत मागे गेली की स्नायूंना तेवढी सूट मिळते आणि पाय आणखी वर जातो. हे पटवायचं असेल तर त्याच अंथरुणावर मांडी थोडी खाली आणून गुडघा पुन्हा सरळ करून बघा. फरक हाताला लगेच जाणवतो.

कोणत्या प्रकारची खुर्ची

साधी घडीची खुर्ची: पाठ जवळपास सरळ आणि स्थिर. थोड्या दिवसांच्या वापराला, स्नायू मोकळे असलेल्या माणसाला ठीक. लोखंडी असेल तर वजन १६ ते २० किलो, ॲल्युमिनियमची त्याहून हलकी. एलिव्हेटिंग लेग रेस्टच्या जोडीचं वजन साधारण ४ ते ६ किलो, ते बरेचदा जाहिरातीतल्या वजनात धरलेलं नसतं. उचलून गाडीत ठेवणाऱ्याने हे विचारून घ्यावं.

रिक्लायनिंग खुर्ची: पाठ मागे झोपते, बऱ्याच मॉडेलमध्ये जवळजवळ आडवी होते. पाठीवर डोक्याचा आधार जोडलेला असतो. मागे झोपल्यावर वजन मागे जातं, म्हणून हिची मागची चाकं साध्या खुर्चीपेक्षा मागे बसवलेली असतात आणि मागे उलटू नये म्हणून अँटी-टिपर, म्हणजे मागच्या बाजूला छोट्या चाकांचे दोन दांडे, असावेच लागतात. हिची खोट म्हणजे पाठ वर-खाली होताना अंगाची त्वचा कापडावर घासते आणि माणूस जागचा सरकतो. दर वेळी सरळ झाल्यावर त्यांना पुन्हा नीट मागे बसवावं लागतं.

टिल्ट खुर्ची: सीट आणि पाठ यांचा कोन तसाच राहून अख्खी बैठक मागे कलते. घासणं फार कमी, घसरणं जवळजवळ नाही. स्वतःहून बाजू बदलता न येणाऱ्या माणसाला हीच योग्य. टिल्ट आणि रिक्लाइन दोन्ही असलेल्या खुर्चीत क्रम महत्त्वाचा: आधी टिल्ट, मग पाठ मागे, शेवटी पाय वर. सरळ होताना बरोबर उलट, आधी पाय खाली. उलटासुलटा क्रम केला की माणूस पुढे घसरलाच म्हणून समजा. ही खुर्ची जड असते आणि बहुधा घडी होत नाही.

स्वतः चाक फिरवणार असतील तर मागची चाकं साधारण ६० सेंमी व्यासाची हवीत. कायम दुसरं कुणी ढकलणार असेल तर छोट्या चाकांचीही चालते, पण उंबरठा आणि खडबडीत रस्त्यावर मोठी चाकं केव्हाही बरी. पाय पुढे काढला की पुढच्या छोट्या चाकांवर भार वाढतो, खुर्ची ढकलायला आणि वळवायला जड जाते. हाताची ताकद बेताची असेल तर दुकानात पाय वर ठेवूनच चाक फिरवून बघायला सांगा.

मापं

माप बूट घालून, कडक खुर्चीवर सरळ बसवून घ्या. मऊ सोफ्यावर घेतलेलं माप चुकतं.

सीटची रुंदी: कंबर आणि मांड्यांचा सगळ्यात रुंद भाग अधिक २.५ सेंमी. जाड ब्रेस किंवा प्लास्टर असेल तर ते धरून. ऐसपैस हवी म्हणून १० सेंमी जास्त घेतली तर माणूस एका कुशीला कलतो आणि पाय लेग रेस्टच्या मधोमध येत नाही.

सीटची खोली: पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं अंतर वजा ५ सेंमी. हे माप इथे फार महत्त्वाचं. खोली जास्त झाली तर सीटची कड लवणीत रुतते आणि माणूस आपसूक पुढे सरकून बसतो. कमी झाली तर गुडघा लेग रेस्टच्या सांध्यापासून लांब पुढे जातो आणि वर सांगितलेला लांबीचा फरक वाढतो.

पायाची लांबी: लवणीपासून बुटाच्या टाचेपर्यंत, त्यातून बसल्यावर दबलेल्या गादीची जाडी वजा. लेग रेस्टची नळी किमान आणि कमाल किती लांब होते ते विक्रेत्याकडून आकड्यात घ्या. उंच माणसाला बरेच लेग रेस्ट अपुरे पडतात. पाय पूर्ण खाली असताना फूटप्लेट जमिनीपासून निदान ५ सेंमी वर राहायला हवी, नाहीतर रॅम्पच्या पायथ्याशी ती जमिनीला घासते.

सीटची उंची: साधी खुर्ची जमिनीपासून ४९-५० सेंमी असते. एका पायाने रेटा देत जाणाऱ्याला हे जास्त होतं, त्याचा तळवा जमिनीला पूर्ण टेकत नाही. अशांसाठी ४३ ते ४६ सेंमी उंचीच्या खुर्च्या येतात.

वजन: खुर्चीची क्षमता माणसाच्या वजनापेक्षा बऱ्यापैकी जास्त हवी. पूर्ण पायाच्या प्लास्टरचं वजनही त्यात धरा.

घरात मावते का

साध्या खुर्चीची लांबी फूट रेस्टसकट १०५ ते ११० सेंमी असते. एलिव्हेटिंग लेग रेस्ट खाली असतानाही पाऊल थोडं पुढेच ठेवतो, आणि पाय आडवा केला की खुर्ची आणखी ३० सेंमी किंवा त्याहून जास्त लांबते. रुंदी तीच राहते, त्यामुळे दारातून सरळ जाताना काही वाटत नाही. घोळ होतो तो वळणावर.

खुर्ची आणण्याआधी करता येईल असं एक काम: जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने १४५ सेंमी लांब आणि ६७ सेंमी रुंद चौकट आखा आणि तेवढा पुठ्ठा कापा. तो पुठ्ठा पॅसेजमधून बेडरूमच्या दारात वळवून बघा. लिफ्टची आतली खोली मोजा, संडासासमोरची मोकळी जागा मोजा, जेवणाच्या टेबलाखाली काय काय आहे ते बघा. जिथे पुठ्ठा अडेल तिथे रोज पाय खाली घ्यावा लागेल. प्लास्टरमुळे तो खाली घेताच येणार नसेल, तर त्या खोलीचा विचार सोडून पलंग दुसरीकडे हलवणं सोपं.

बाहेर आलेली पावलं ढकलणाऱ्याला दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी सांगायला हवी. दाराची चौकट, लिफ्टचं बंद होणारं दार, समोरून पळत येणारं मूल, सगळ्यांचा पहिला धक्का बोटांना बसतो. वळताना खुर्ची आधी मागे घ्यायची, मग फिरवायची, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

दुकानात हात लावून काय बघायचं

लेग रेस्ट बाजूला फिरतो आणि पूर्ण निघतो का? तो निघत नसेल तर पलंगावर, कमोडवर घेताना पायात येणार. खटका एका हाताने दाबता येतो का? दुसरा हात पायाखाली लागणार आहे, त्यामुळे दोन हातांचा खटका कुचकामी.

दातेरी यंत्रणा किती टप्प्यांवर थांबते ते मोजा. टप्पे लांब-लांब असतील तर तुमचा कोन दोन टप्प्यांच्या मध्ये सापडतो.

मग धरते का ते बघा. गुडघ्याखालचा पाय पावलासकट शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के असतो, म्हणजे ७० किलोच्या माणसात सव्वाचार किलोच्या आसपास. प्लास्टर त्यात आणखी भर घालतं. लेग रेस्ट आडवा करून त्याच्या टोकावर १० किलोची पिशवी ठेवा आणि हलकेच हलवा. एक दातही खाली उतरला तर तो लेग रेस्ट घ्यायचा नाही.

पोटरीची गादी वर-खाली सरकते का, रुंद आहे का, कडा गोल आहेत का ते बघा. ती पोटरीच्या मांसल भागाखाली यायला हवी, लवणीत नाही आणि घोट्याजवळही नाही. ज्यांचा पाय बाहेरच्या बाजूला लवंडतो त्यांच्याबाबतीत विशेष काळजी घ्या. गुडघ्याच्या थोडं खाली, बाहेरच्या अंगाला बोटाला लागणारं एक हाडाचं टोक असतं. त्याला वळसा घालून जाणारी नस त्वचेच्या अगदी जवळ असते. लेग रेस्टची नळी किंवा गादीची कड तिथे तासन्‌तास दाबून राहिली तर पाऊल वर उचलता येईनासं होतं, पाय फरफटतो. बाहेरच्या बाजूला उंच कड असलेली खोलगट गादी घेतली, किंवा मांडीलगत घडी केलेला टॉवेल लावला, की पाय सरळ राहतो.

टाच मागे घसरू नये म्हणून फूटप्लेटच्या मागे पट्टा असतो. पाय आडवा असताना टाचेचं सगळं ओझं त्या पट्ट्यावर किंवा पाटीवर येता कामा नये, ते पोटरीने घ्यायचं आहे. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांना टाचेची जखम कळतही नाही.

जुन्या खुर्चीला नुसते लेग रेस्ट घ्यायचे असतील तर 'सगळ्यांना बसतो' या शब्दावर विसंबू नका. बसवण्याच्या पिना आणि आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. दोन पिनांमधलं अंतर, नळीचा व्यास आणि खटका कुठे अडकतो ते मोजून, फोटो काढून न्या. डावा-उजवाही अदलाबदल होत नाही. सेकंडहँड घेताना पिना वाकलेल्या आहेत का, दाते गोल झाले आहेत का आणि फूटप्लेटची उंची ठरवणारा बोल्ट गंजून बसला आहे का, एवढं नक्की बघा.

बसवून बघणं

ब्रेक लावा. माणसाला कंबर पाठीला टेकेल असं पूर्ण मागे बसवा. पाय खाली असताना फूटप्लेटची उंची जुळवा: मांडी सीटवर पूर्ण टेकलेली हवी आणि सीटच्या कडेजवळ मांडीखाली तळहात सपाट सरकवता यायला हवा. गुडघे वर आले तर पाटी उंच झाली, तळहात अडकला तर खाली गेली.

आता पाय एकेक दात चढवा आणि प्रत्येक दाताला थांबून कंबर बघा. सदऱ्याची मागची कड आणि खुर्चीची पाठ यांच्यात फट पडू लागली की एक दात मागे या. अंथरुणावर सापडलेल्या कोनाच्या आसपासच हे होईल. मागच्या बाजूला कुणाला तरी उभं करून दुसरा पायही चढवा, मग त्यांना पुढे वाकून घोट्याला हात लावायला सांगा. मागची चाकं हलकी होऊन खुर्ची पुढे कलत असेल तर दोन्ही पाय एकदम वर ठेवायला ती धोक्याची आहे.

तसंच ३० मिनिटं बसू द्या. नंतर पलंगावर घेऊन माकडहाड, लवण, पोटरी, टाच आणि गुडघ्याबाहेरचं ते टोक पाहा. लाली आली असेल तर वेळ बघा. अर्ध्या तासात गेली तर ठीक, तशीच राहिली तर तिथे दाब जास्त आहे. त्वचा सावळी असेल तर लाली दिसत नाही, तेव्हा हाताने गरम, घट्ट किंवा दुखरं लागतं का ते तपासा. पायाला मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं तर अर्धा तास पुरा व्हायची वाट बघू नका.

रोजच्या वापरात

पाय खाली घेताना एक हात टाचेखाली, घोट्याजवळ, आणि दुसऱ्याने खटका. आधी पाय किंचित उचलायचा म्हणजे दातावरचं वजन सुटतं, मग खटका सहज दबतो. वजनासकट खटका ओढत बसलं की तो अडतो, आणि सुटला की एकदम सुटतो. बोटं सांध्यात आणि दात्यांजवळ नकोत.

खुर्चीतून उठवण्याआधी क्रम ठरलेला: ब्रेक, पाय खाली, फूटप्लेट वर दुमडलेली, लेग रेस्ट बाजूला. फूटप्लेटवर उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटते. पायऱ्यांवर मदतीला आलेले लोक हमखास लेग रेस्टला धरून खुर्ची उचलतात आणि तो हातात निघून येतो. उचलायचं तर मुख्य सांगाड्याला धरून, आणि हे त्यांना आधीच सांगा.

उतारावर पाय वर ठेवून तोंड पुढे करून उतरवू नका. ढकलणाऱ्याने पाठमोरं उतरावं, खुर्ची आपल्या अंगाकडे ठेवून. चढावर अँटी-टिपर लावलेले आहेत याची खात्री करा, फक्त उंबरठा ओलांडताना ते वर फिरवावे लागतात आणि नंतर परत खाली करायचे राहून जातात.

आठवड्यातून एकदा फूटप्लेटचा बोल्ट, पोटरीच्या गादीचा स्क्रू आणि लेग रेस्टची पिन ताणून बघा. गादीचा स्क्रू सगळ्यात आधी सैल होतो, मग गादी फिरते आणि तिची कड पायात रुतते. दात्यांमध्ये केस, धागे, धूळ अडकते. जुन्या टूथब्रशने साफ करा आणि सांध्याला थेंबभर हलकं तेल द्या. दात्यांवर घट्ट ग्रीस थापू नका, त्याला धूळ चिकटते आणि खटका पूर्ण बसत नाही. टकटक आवाज यायचा बंद झाला किंवा दोन दात एकदम सुटू लागले तर त्या दिवसापासून पाय खाली ठेवा आणि यंत्रणा बदलून घ्या. तारेने बांधून काम चालवू नका.

सूज उतरली, वजन बदललं किंवा प्लास्टर निघून ब्रेस आला की लांबी, गादी आणि कोन पुन्हा जुळवायचे. नवी गादी घातली तरीसुद्धा, कारण दोन सेंमी जाड गादीने पाय आडवा असतानाचं गणित दोन सेंमीनेच बदलतं.